तिकडच्या घरात पौष लागला

कुकरची शिट्टी झाली, गॅस बारीक केला, की केतकी ओट्याशेजारच्या भिंतीवरच्या पांढऱ्या डबीकडे वळून विचारायची, "आज तिकडे काय केलंय मी?"

"तिकडे आज मेथी आहे," डबी सांगायची. "जुडी इथल्यापेक्षा स्वस्त मिळाली. पण निवडताना तुम्ही म्हणालात, पानं फार जून आहेत."

"म्हणणारच. मीच ना ती."

तिकडे म्हणजे टेक्ससमध्ये, डॅलसच्या बाहेर नव्याने वसत चाललेल्या एका गावात. आणि इकडे म्हणजे न्यू जर्सीत, एडिसनमधल्या या घरात, जिथे केतकीचा संसार लग्न झाल्यापासून मांडलेला होता. त्या दुसऱ्या गावात तिने अजून पाऊलही ठेवलं नव्हतं. तरी तिथे तिचा स्वयंपाक रोज होत होता, कपडे वाळत होते, विजेचं बिल येत होतं. फक्त ते सगळं आकड्यांत होतं.

डबीला जोडघर म्हणत. केतकीचा नवरा श्रीरंग ज्या कंपनीत होता, ती आपलं सगळं बिऱ्हाड टेक्ससला हलवत होती. आमच्याबरोबर येता का, असं नुसतं विचारण्याऐवजी कंपनीने प्रत्येकाच्या घरी एक जोडघर लावून दिलं. पूर्वी दोन राज्यांची तुलना करायची तर लोक तक्ते मांडत. घरपट्टी तिकडे किती, आयकर इकडे किती, पेट्रोल, विमा, कॉलेजची फी. डबी लावायला आलेला माणूस म्हणाला होता, "तक्त्यात भाव कळतात, तुमचं जगणं कळत नाही. हे यंत्र आधी तुम्ही कसे जगता ते शिकेल."

आणि ते शिकलं. कोण किती भात खातं, कोण आंघोळीला किती पाणी घेतं, दुपारी कोणत्या खोलीत हीटर लागतो, औषधं कुणाची, दूध किती. त्यावरून त्याने या कुटुंबाचं आकड्यांतलं जुळं तयार केलं आणि ते टेक्ससमधल्या एका घरात नेऊन बसवलं. मग त्या जुळ्याचं पुढचं वर्ष चालवून बघायचं, पुन्हा पहिल्यापासून चालवायचं, दर वेळी थोडा बदल करून. आणि त्यातून जे बहुतेक वेळा घडतं ते सांगायचं. म्हणून इकडे वैशाख चालू असताना तिकडची दिवाळी होऊनही गेली होती.

जोडघर घरात आलं त्या दिवशी केतकीने त्याला हळदकुंकू वाहिलं, चार अक्षता टाकल्या. घरात नवीन यंत्र आलं की ती वाहायचीच. मिक्सरला वाहिल्या होत्या, गाडीलाही. मग हात जोडून म्हणाली होती, "सगळं सांग बाबा, पण या घरात अभद्र काही बोलू नकोस."

"अभद्र म्हणजे काय, ते मी तुमच्याकडून शिकेन," डबी म्हणाली होती. सतरा वर्षांची ओवी त्यावर खूप हसली. "आई, तू मशीनला पण संस्कार लावणार?"

शिकायला त्याला वेळ लागला नाही. या घरात बाहेर निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. डब्यातले तांदूळ संपले असं कुणी म्हणत नाही. बांगडी फुटली की ती वाढवली म्हणतात. आणि श्रीरंगच्या आईबद्दल बोलताना ती गेली, हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही.

ती गेल्यापासून श्रीरंगचे वडील, तात्या, यांच्याकडेच असत. वय चौऱ्याऐंशी. उभा जन्म सांगलीच्या हळदीच्या पेठेत दिवाणजी म्हणून गेला, आणि आता विसरण्याच्या आजाराने माणसांची नावं एकेक करून पुसली जात होती. पण या घरात ते चुकत नसत. भिंतीला हात लावत न्हाणीघरात जायचे, तशाच हाताने खिडकीजवळच्या खुर्चीत परत यायचे. कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाबाहेर एक बाक होता. तिथे दुपारी चार म्हातारे जमत. तात्यांच्या लेखी तो बाक सांगलीतला होता, आणि त्यांचं म्हणणं कुणी खोडून काढत नसे.

सासूबाईंच्या तेराव्याला केतकीने मनाशी एक नेम धरला होता. तात्यांचं पान उठल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. कुणाला सांगितलं नव्हतं. तात्या सावकाश जेवायचे, घासागणिक एक गोष्ट सांगायचे, दीड वाजायचाच. दुपारनंतर ती घरूनच एका दंतवैद्याच्या रुग्णांच्या वेळा लावून देण्याचं काम करी, आणि कधी कधी पहिला फोन घेताना तिचं पोट रिकामंच असायचं. पण नेम मोडला नव्हता.

शुक्रवारपर्यंत श्रीरंगला कंपनीला उत्तर द्यायचं होतं. नाही म्हटलं तर नोकरी तिथेच थांबणार, आणि त्रेपन्नाव्या वर्षी त्याला दुसरीकडे कोण घेणार. तो करायचा ते निम्मं काम आता यंत्रंच करत होती. हो म्हटलं तर घराचा हप्ता उतरत होता, ओवीच्या कॉलेजचं जमत होतं. दोघांनी मनातून हो म्हणून टाकलंच होतं. आठवडाभर तर तिकडचा खर्च आणखी खाली आला होता. "तिकडे दूधसुद्धा पुरतं रे," केतकी श्रीरंगला कौतुकाने म्हणाली होती. तो तात्यांचं दाढीचं सामान आणायला उठला होता.

मंगळवारी पोळ्या लाटता लाटता तिने नेहमीसारखं विचारलं.

"तिकडे पौष लागला," डबी म्हणाली. "आज वरणभात आणि दुधीची भाजी. साडेअकराला जेवून तुम्ही कामाला बसलात."

लाटणं तिच्या हातात थांबलं.

"साडेअकराला कोण जेवलं?"

"तुम्ही."

"म्हणजे त्याआधी तात्या जेवले असतील."

डबी बोलली नाही.

"तात्या किती वाजता जेवले?"

"ते मला सांगता येणार नाही."

"का नाही?"

"तुमच्या घरात ज्या गोष्टी बोलत नाहीत, त्यांत ते येतं."

तव्यावरच्या पोळीला काळे डाग पडले आणि धूर आला, तेव्हा तिने गॅस बंद केला. बाहेर तात्या ओवीला सांगत होते की चांगली हळद हातावर चोळली की कानातसुद्धा वास जातो, आणि ओवी म्हणत होती, "आजोबा, कानात वास कसा जाईल?" केतकीला आठवलं, दूध पुरत होतं. ऐन थंडीत दुपारच्या हीटरची वीज वाचली होती. मऊ भाताचा तांदूळ कमी झाला होता. आणि या सगळ्याचं तिने कौतुक केलं होतं.

तिने हात धुतले. देव्हाऱ्याशी गेली, नमस्कार केला आणि देवांपुढचा पडदा ओढून घेतला. मग परत येऊन हळू आवाजात म्हणाली, "आता बोल. मी सांगते आहे, बोल."

जोडघराने सांगितलं. आवाज तोच, मेथीचे भाव सांगणारा. तिकडचं वर्ष पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं, आणि बहुतेक सगळ्या वेळी तात्या मार्गशीर्षाच्या पुढे नव्हते. कधी पहाटे न्हाणीघर सापडत नव्हतं आणि ते पडत होते. कधी घर ओळखीचं नाही म्हणून दाराशी उभे राहत होते, जेवायला बसत नव्हते. "त्यांची आठवण डोक्यात थोडी आणि या घराच्या भिंतींत जास्त आहे," डबी म्हणाली. "घर बदललं की ती इथेच राहते."

"हे तू खर्चात धरलंस?"

"घरात माणसं किती, यावरून खर्च ठरतो. कारण सांगायचं नाही, असं तुम्ही सांगितलं होतं."

"आणि आम्ही इथेच राहिलो तर?"

"इथे ते पुढच्या पौषातही आहेत. पण हप्ते थकतात आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात हे घर जातं. मग त्यांना हलवावंच लागतं."

"श्रीरंग एकटा तिकडे गेला, आम्ही इथे राहिलो तर?"

"दोन घरांचा खर्च एका पगारात बसत नाही. तेही चालवून पाहिलं आहे."

त्या दिवशी तात्या पावणेदोनला जेवून उठले. केतकी त्यांच्या समोर बसून होती. नंतर तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं, पण घास तोंडात फिरत राहिला.

श्रीरंग संध्याकाळी गॅरेजात जुनी अवजारं वेगळी काढत होता. ती दाराशी जाऊन उभी राहिली. कसं सांगावं याची तिने मनात जुळवाजुळव केली होती. म्हणाली, "तिकडचा खर्च का कमी दिसतोय, ठाऊक आहे तुला?"

त्याने पाना खाली ठेवला. वर न बघता म्हणाला, "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"तिकडे चार बेडरूमचं घर बघत होतो मी. ते म्हणालं, तीन पुरतील. मग ऑफिसात बसून सगळं विचारून घेतलं. पंधरा दिवस झाले."

गेले पंधरा दिवस तात्यांची दाढी श्रीरंगच करत होता. रोज त्यांना हाताला धरून बाकापर्यंत नेत होता, तिथेच त्यांच्याशेजारी बसून राहत होता. केतकीला वाटलं होतं, ऑफिसातलं काम कमी झालं असेल.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून तू काय केलं असतंस? आणखी एक उपास धरला असतास."

"धरला असता."

"आणि त्याने तात्या वाचले असते?"

"नसते वाचले," ती म्हणाली. "पण पंधरा दिवस मी तिकडच्या मेथीचे भाव विचारत बसले नसते."

तो खोक्यावर बसला. हाताला लागलेलं ग्रीस फडक्याने पुसत राहिला, पुसून झालं तरी पुसत राहिला. "मी बापाला विकतोय असं वाटतंय ना तुला?"

"नाही रे."

"मला वाटतं. रोज वाटतं. मग ओवीकडे बघतो. इथे राहून वर्षभराने सगळंच हातचं जायचं असेल, तर... आणि यंत्राचं काय, चुकतंसुद्धा. एखाद्या वेळी तात्या तिकडे जगलेत. मी विचारलं, त्या वेळी काय वेगळं झालं? सांगता येत नाही म्हणे."

तिने खाली ठेवलेला पाना उचलून बाजूला ठेवला. मग केतकी म्हणाली, "आपण सगळं त्या डबीला विचारलं. त्यांना नाही विचारलं."

"तात्यांना? सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही त्यांना."

"आठवत नाही म्हणजे कळत नाही असं नाही."

"आणि काय सांगणार आहेस? तू? तुझ्या तोंडून निघेल ते?"



तात्यांचं डोकं सकाळी आंघोळीनंतर थोडा वेळ निवळलेलं असायचं. गुरुवारी त्या वेळेला केतकी त्यांच्यापुढे कोथिंबिरीची जुडी आणि परात ठेवून शेजारी बसली. ते एकेक काडी खुडायला लागले.

"तात्या, आपण इथून हलायचं म्हणतोय."

"कुठं? मिरजेला?"

"त्याहून लांब. टेक्ससला."

"स्वस्ताई आहे का तिकडं?"

"आहे."

"मग मिरजेसारखंच की." ते हसले. "मिरजेत गूळ स्वस्त म्हणून तुझी सासू मला सायकलवर पिटाळायची. मी वाटेत दोनदा चहा घ्यायचो, वर भजी. तो गूळ सांगलीपेक्षा महाग पडायचा. तिला कधी बोललो नाही. तू पण बोलू नको."

"नाही बोलत," ती म्हणाली.  तिने परात जरा जवळ ओढली. "तात्या, नीट ऐका हं. तिकडे तुम्हाला मानवणार नाही, असं ते यंत्र म्हणतंय. हे घर सुटलं की तुमचं खाणंपिणं सुटेल. पुढचा पौष तुम्ही बघणार नाही, असं म्हणतंय."

असं वाक्य तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघालं होतं. तात्यांचे हात थांबले नाहीत.

"कोण म्हणतंय?"

"ती भिंतीवरची डबी."

"तिचं वय काय?"

"काही महिने असेल."

"मग बरोबर. त्या वयात सगळं छातीठोक सांगता येतं." एक पिवळं पान त्यांनी बाजूला टाकलं. मग जरा वेळाने, आवाज न बदलता विचारलं, "श्रीरंगाची नोकरी तिकडंच आहे?"

"हो."

"पोरीचं शिक्षण?"

"तेही."

"तू येणार?"

"हो, तात्या."

"मग मला काय विचारतीस? चला."

दाढीचं सामान घेऊन श्रीरंग दाराशी येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो तसाच मागे वळला, आणि नंतर किती तरी वेळ न्हाणीघरातला नळ वाहत होता.

शुक्रवारी त्याने कंपनीला होकार कळवला.

शनिवारी सकाळीच खोकी आली. श्रीरंग आणि ओवी दिवाणखान्यात पुस्तकं भरायला लागले. दोन दिवसांत श्रीरंगच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. ओवीशी तो थट्टा करत होता, शीळसुद्धा घालत होता. "तात्याच चला म्हणाले," असं त्याने फोनवर दोघाचौघांना सांगितलेलं केतकीने ऐकलं होतं.

आंघोळ करून तात्या खिडकीजवळ बसले. "ही खोकी कसली गं?"

साफसफाई काढली आहे, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण एकदा खरं बोलल्यावर त्याच माणसाशी खोटं बोलणं तिला जमेना. ती त्यांच्याजवळ खाली बसली आणि गुरुवारी जे जसं सांगितलं होतं ते तसंच पुन्हा सांगितलं. टेक्सस, नोकरी, कॉलेज. आणि पौष.

आज त्यांनी मिरजेचं नाव काढलं नाही. डबीचं वय विचारलं नाही. खिडकीच्या चौकटीवर त्यांनी तळवा ठेवला आणि लाकडावरून सावकाश पुढे नेला, मग मागे आणला.

"नको," ते म्हणाले.

"तात्या..."

"इथं मला कळतं काय कुठं आहे ते. अंधारात उठलो तरी कळतं. तिकडं कुणाला विचारू?"

"मी असेन ना."

"तू असशील गं. मी कुठं असेन?"

तिने मान खाली घातली. तिच्या खांद्यावर हात ठेवून तेच तिची समजूत घालू लागले. "तुम्ही जा. पोरांनी जावंच. मला तेवढं इथं ठेवा." आणि थोड्या वेळाने हात काढून घेत, अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "चहा झाला का?"

ती स्वयंपाकघरात गेली. आधण ठेवलं. दिवाणखान्यातून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ओवीचं हसणं.

"केतकीताई," भिंतीवरून हळू आवाज आला. त्या घरात हळू बोलायची वेळ कोणती, हेही ते शिकलं होतं. "गुरुवारी ते हो म्हणाले. आज नाही म्हणाले. तिकडचं वर्ष मला पुन्हा मांडायचं आहे. तात्यांचं म्हणून कोणतं उत्तर धरू?"

केतकीने चहाची पूड हातात घेतली आणि तशीच उभी राहिली. परवा चला म्हणाले ते तात्याच होते. लेकाची नोकरी, नातीचं शिक्षण विचारून मग चला म्हणाले होते. असं विसराळू माणूस बोलत नाही. आणि आज चौकटीवर हात फिरवत नको म्हणाले तेही तात्याच. श्रीरंगला हे कळलं तर त्याची शीळ थांबेल. कळलं नाही, तर आयुष्यभर तो लोकांना सांगत राहील की बापच चला म्हणाला.

"उद्या पुन्हा विचारायचं का?" डबी म्हणाली. "आणखी काही उत्तरं मिळाली तर मला ठरवता येईल."

उद्या पुन्हा. म्हणजे रोज सकाळी आंघोळ घालून त्यांना खुर्चीत बसवायचं आणि त्यांचं मरण त्यांना नव्याने सांगायचं. रोज त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकायचं. कधी हसून चला म्हणायचं, कधी चौकट धरून ठेवायची. सामान न्यायला गाडी येईपर्यंत असं चालवायचं, आणि मग मोजायचं.

आधण उकळून वर आलं. होकार जास्त भरले तर त्यांना घेऊन निघायचं, असं समजा ठरलं. पण ज्या सकाळी निघायचं, त्या सकाळी खिडकीपाशी बसलेला माणूस नको म्हणाला, तर त्याला कुणाचं उत्तर दाखवायचं?